गोठण्याआधीचं आणि गोठल्यानंतरचं

(प्रस्तावना)

२०२१ च्या एप्रिलमध्ये नाशिककरांना प्लाझ्मा हा शब्द कुणी शिकवावा लागला नाही. सिडकोपासून नाशिकरोडपर्यंत व्हॉट्सॲपच्या ग्रुपांवर तोच निरोप फिरत होता: पेशंट ॲडमिट आहे, अमुक गटाचा प्लाझ्मा तातडीने हवा, कोरोनातून बरे झालेल्यांनी या नंबरवर फोन करावा. दाता रक्तपेढीत पोचला की आधी त्याचं थोडं रक्त एका बल्बमध्ये घ्यायचे आणि ते गोठू द्यायचे. वर जे सीरम सुटे त्यात कोरोनाविरुद्धची प्रतिपिंडं आहेत का, हे तपासायचे. ती असली तर त्याच माणसाला मशीनला जोडायचे, रक्त गोठू न देता त्यातला प्लाझ्मा पिशवीत घ्यायचे आणि तांबड्या पेशी त्याच्या शरीरात परत सोडायचे. बल्बमधलं सीरमही पिवळसर, पिशवीतला प्लाझ्माही पिवळसर. पेशंटचे नातेवाईक विचारत, "तपासलं सीरम आणि देताय प्लाझ्मा, हे कसं?" त्या धावपळीत त्यांना उत्तर द्यायला कुणाला सवड नव्हती.

तो प्रश्न अजिबात बाळबोध नव्हता. हे पुस्तक त्याच प्रश्नाचं सविस्तर उत्तर आहे.

महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ मध्ये स्थापन झालं आणि त्याचं मुख्यालय नाशिकला आलं. राज्यभरातले वैद्यकीय, दंत, आयुर्वेद, होमिओपॅथी आणि नर्सिंगचे विद्यार्थी ज्या परीक्षा देतात, त्यांचा कारभार दिंडोरी रस्त्यावरच्या या विद्यापीठातून चालतो. प्लाझ्मा आणि सीरम यांतला फरक हा या मुलांचा पहिल्या वर्षातला पाठ. तोंडी परीक्षेत विचारा, ठरलेलं उत्तर येतं: सीरम म्हणजे प्लाझ्मा वजा फायब्रिनोजेन. परीक्षक मान डोलावतात, मूल सुटतं. हे वजाबाकीचं समीकरण चुकीचं नाही, पण अर्धवट आहे. रक्त गोठताना काही खर्ची पडतं तसं काही नव्याने मिसळतंही, आणि दवाखान्यात खरा गोंधळ घालतं ते हे मिसळलेलं. लेखिकेने हा मुद्दा पहिल्याच प्रकरणात मांडला आणि शेवटपर्यंत सोडला नाही, म्हणून मी ही प्रस्तावना लिहायला आनंदाने तयार झालो.

मूळ गोष्ट थोडक्यात सांगतो. नसांतून वाहणाऱ्या रक्ताचा निम्म्याहून थोडा जास्त भाग, साधारण ५५ टक्के, द्रव असतो. तो प्लाझ्मा. त्यात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी, बाकी प्रथिनं, क्षार, साखर, मेद, संप्रेरकं. प्रथिनं शंभर मिलिलिटरला सहा ते आठ ग्रॅम. त्यांत अल्ब्युमिन सर्वांत जास्त, मग ग्लोब्युलिन, आणि २०० ते ४०० मिलिग्रॅम फायब्रिनोजेन. रक्त शरीराबाहेर आलं, काचेला किंवा बल्बमधल्या पावडरीला लागलं, की एकामागून एक घटक जागे होतात, थ्रॉम्बिन तयार होतं आणि ते विरघळलेल्या फायब्रिनोजेनचे न विरघळणारे धागे करतं. त्या जाळ्यात पेशी अडकतात. अर्ध्या तासात गुठळी आक्रसते आणि जो द्रव बाहेर पडतो तो सीरम. दह्यावर सुटणाऱ्या निवळीशी त्याची तुलना नेहमी करतात. दिसायला ती जमते, पण दूध आंबटपणाने फुटतं आणि रक्त धागे विणून गोठतं, त्यामुळे फार ताणू नये.

यातून निघणारी एक गोष्ट विद्यार्थ्यांना सांगितली की ते थबकतात. जिवंत माणसाच्या नसांतून सीरम कधीच वाहत नाही. वाहतो तो प्लाझ्माच. सीरम हा बल्बमध्ये तयार झालेला पदार्थ आहे. आपल्या रिपोर्टवर 'सीरम क्रिएटिनिन', 'सीरम बिलिरुबिन', 'सीरम कॅल्शियम' असं छापलेलं असतं. हे आकडे रक्त गोठून गेल्यानंतरचे असतात. बहुतेक तपासण्यांना त्याने फरक पडत नाही, म्हणून तर व्यवहार सुरळीत चालतो. काहींना मात्र मोठा फरक पडतो.

पोटॅशियमचं उदाहरण घ्या. हा क्षार मुख्यतः पेशींच्या आत असतो, बाहेरच्या द्रवात त्याचं प्रमाण अगदी कमी, लिटरला साडेतीन ते पाच मिलिमोलच्या आसपास. गुठळी होताना प्लेटलेट फुटतात आणि आपल्यातलं पोटॅशियम सोडतात. त्यामुळे धडधाकट माणसाच्या सीरममध्येसुद्धा त्याच वेळी काढलेल्या प्लाझ्मापेक्षा पोटॅशियम ०.१ ते ०.४ मिलिमोलने जास्त भरतं. एवढ्याने कुणाचं बिघडत नाही. पण ज्याच्या रक्तात प्लेटलेट दहा-बारा लाख आहेत, अशा पेशंटच्या सीरममध्ये हा आकडा सहाच्या, क्वचित सातच्या घरात जातो. कागदावर हृदय बंद पडायची वेळ आलेली असते आणि पेशंट समोर बसून चहा पीत असतो. १९५५ मध्ये हार्टमन आणि मेलिन्कॉफ यांनी हा प्रकार पहिल्यांदा नोंदवला, त्याला आता सत्तर वर्षं झाली. तरी आजही असा रिपोर्ट आला की पेशंटला रात्रीतून मोठ्या रुग्णालयात हलवल्याची उदाहरणं घडतात. रक्त गोठू न देणाऱ्या हेपरिनच्या हिरव्या बल्बमध्ये नमुना घेऊन प्लाझ्मातलं पोटॅशियम बघितलं असतं, तर प्रकरण दहा मिनिटांत मिटलं असतं.

उलट दिशेने फसवणारा नमुनाही असतो. हाडांच्या मगजाचा मायलोमा नावाचा कर्करोग शोधायला प्रथिनांची इलेक्ट्रोफोरेसिस करतात. कागदावर प्रथिनांचे पट्टे उमटतात आणि गॅमाच्या भागात एक धारदार पट्टा दिसला की पॅथॉलॉजिस्ट सावध होतो. इथे कुणी सीरमऐवजी प्लाझ्मा लावला, तर फायब्रिनोजेन बीटा आणि गॅमा यांच्या मध्ये नेमका तसाच पट्टा उमटवतं. नसलेला कर्करोग कागदावर दिसू लागतो. म्हणून ही तपासणी सीरमवरच करायची. सीरम चांगलं की प्लाझ्मा चांगला, हा प्रश्नच गैरलागू आहे. काय मोजायचं आहे, त्यावर ते ठरतं.

आता रंगीत झाकणांविषयी. लॅबमध्ये रक्त द्यायला बसलेल्या माणसाला सर्वांत जास्त कुतूहल याचंच असतं. पेठहून आलेल्या एखाद्या आजी हमखास विचारतात, "ताई, एवढ्या बाटल्या रक्त कशाला काढता गं?" टेक्निशियन सांगते, "मावशी, सगळं मिळून दोन-तीन चमचे आहे. डब्या निराळ्या, तपासण्या निराळ्या." ती खरंच सांगते. लाल झाकणाच्या प्लेन बल्बमध्ये रक्त गोठू द्यायचं असतं, पिवळ्या झाकणाच्या बल्बमध्ये तळाशी जेल असतं, ते फिरवल्यावर गुठळी आणि सीरम यांच्या मध्ये पडद्यासारखं येऊन बसतं. जांभळ्यात ईडीटीए असतं, ते रक्तातलं कॅल्शियम पकडून ठेवतं आणि कॅल्शियमशिवाय रक्त गोठू शकत नाही. निळ्यात सायट्रेट, तेही कॅल्शियमच पकडतं, पण सौम्यपणे. पुन्हा कॅल्शियम घातलं की गोठण्याची क्रिया सुरू करता येते, म्हणून गोठण्याच्या तपासण्या निळ्या बल्बमध्ये. हिरव्यातलं हेपरिन कॅल्शियमला हात लावत नाही, थ्रॉम्बिनलाच अडवतं. राखाडी बल्बमध्ये साखरेसाठी फ्लोराइड.

निळ्या बल्बचं माप कडक असतं. एक भाग सायट्रेट, नऊ भाग रक्त. बल्बवरच्या रेघेच्या खाली रक्त राहिलं तर सायट्रेट जास्त होतं आणि रक्त गोठायला खोटा उशीर दिसतो. हृदयाची झडप बदललेले कितीतरी पेशंट रक्त पातळ करणारी ॲसिट्रॉमची गोळी घेतात आणि दर महिन्याला आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती उशीर लागतो याचा आकडा, तपासतात. त्यांच्या गोळीचा डोस या एका आकड्यावर ठरतो. नस सापडली नाही, रक्त अर्धंच आलं, "चालेल हो" म्हणून अर्धाच बल्ब पुढे गेला, की आयएनआर वाढलेला दिसतो, डॉक्टर गोळी कमी करतात आणि झडपेवर गुठळी धरण्याचा धोका वाढतो. या साखळीतली पहिली कडी सुई हातात धरलेल्या माणसाची आहे. आपल्याकडे त्या माणसाचा पगार आणि प्रशिक्षण दोन्ही तुटपुंजं असतं, हे लेखिकेने स्पष्ट लिहिलं आहे आणि ते योग्यच केलं आहे.

आणखी एक घोटाळा नवख्या टेक्निशियनकडून होतो. प्लेन बल्बमध्ये रक्त कमी पडलं, म्हणून जांभळ्यातलं थोडं त्यात ओततात. रिपोर्टमध्ये कॅल्शियम तळाला गेलेलं, पोटॅशियम आभाळाला भिडलेलं, अल्कलाइन फॉस्फटेजही घसरलेलं. असे आकडे घेऊन माणूस जिवंत राहू शकत नाही. ईडीटीए बल्बमध्ये पोटॅशियमच्या क्षाराच्या रूपात असतं, हे ज्याला ठाऊक आहे त्याला या तिन्ही आकड्यांचा उलगडा एका नजरेत होतो. हेपरिनच्या हिरव्या बल्बात बहुधा लिथियम हेपरिन असतं. मानसिक आजारासाठी लिथियम घेणाऱ्या पेशंटची पातळी कुणी त्याच बल्बमधून मोजायला घेतली तर काय होईल, हे वाचकानेच ओळखावं.

नाशिक जिल्ह्यात याला अंतर आणि ऊन यांची जोड मिळते. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी, कळवण इथल्या आरोग्य केंद्रांत सकाळी घेतलेले नमुने घाट उतरून लॅबला पोचेपर्यंत दुपार होते. न फिरवलेल्या रक्तातल्या पेशी तेवढ्या वेळात साखर खात राहतात. नेहमीच्या तापमानाला तासाला पाच ते सात टक्के साखर कमी होते, उन्हाळ्यात आणखी भरभर. म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या माणसाची साखर केवळ प्रवासामुळे नॉर्मल दिसू शकते. कुणी उन्हाच्या भीतीने नमुने फ्रिजमध्ये ठेवतं. थंडीत साखर टिकते, पण पेशींच्या पडद्यावरचा सोडियम-पोटॅशियमचा पंप मंदावतो आणि पोटॅशियम बाहेर झिरपतं. एकाला वाचवायला जावं तर दुसरं बिघडतं. उपाय साधा आहे: जिथे रक्त काढलं तिथेच अर्धा तास गोठू द्यावं, सेंट्रिफ्यूजमध्ये दहा मिनिटं फिरवावं आणि सीरम वेगळं करून मगच पाठवावं. त्यासाठी आरोग्य केंद्रात चालू स्थितीतलं मशीन आणि सकाळच्या वेळेत वीज हवी. हा भाग मला या पुस्तकातला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण असं लिहायला घाटातल्या केंद्रात उभं राहून नमुने सांभाळलेले असावे लागतात. लॅबमधल्या खुर्चीवर बसून ते सुचत नाही.

इतिहासाचं प्रकरण वाचताना मी १९५२ या सालापाशी बराच वेळ रेंगाळलो. त्या एका वर्षात सीरमच्या परीक्षेतून उलगडलेले दोन शोध लागले. एक आपल्या मुंबईत, दुसरा ऑक्सफर्डमध्ये.

मुंबईचा शोध डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा. 'लॅन्सेट'मध्ये त्याच वर्षी तो छापून आला. सेठ जी. एस. मेडिकल कॉलेज आणि केईएम रुग्णालय या परिसरातल्या डॉक्टरांसमोर काही माणसं अशी आली की त्यांच्या तांबड्या पेशी ए-बी तपासणीत 'ओ' गटासारख्या वागत होत्या, पण ओ गटाचं कुठलंच रक्त त्यांना जुळत नव्हतं. पेशी बघून उलगडा होत नव्हता, तो सीरममधून झाला. या माणसांच्या सीरममध्ये ए आणि बी यांच्याविरुद्ध तर प्रतिपिंडं होतीच, शिवाय एच नावाच्या पदार्थाविरुद्धही होती. एच हा ए आणि बी दोन्हींचा पाया. ओ गटाच्या माणसाकडे ए-बी नसले तरी एच भरपूर असतो. या माणसांकडे तोही नव्हता. त्यालाच आज जगभर बॉम्बे ब्लड ग्रुप म्हणतात. भारतात तो साधारण दहा हजारांत एकाकडे आढळतो, युरोपात त्याहून खूपच विरळा.

याचा व्यवहारातला अर्थ असा. शिबिरात काचपट्टीवर रक्ताचे थेंब टाकून गट काढतात. त्यात फक्त पेशींची परीक्षा होते आणि बॉम्बे गटाचा माणूस 'ओ पॉझिटिव्ह'चं कार्ड खिशात घालून घरी जातो. त्याला कधी रक्त लागलं आणि कार्डावर विसंबून ओ गटाची पिशवी लावली, तर जिवावर बेतू शकतं. म्हणून रक्तपेढीत दुहेरी परीक्षा असते: पेशींची आणि सीरमची. या सीरमच्या परीक्षेत ओ गटाच्या पेशीही ठेवायच्या, त्या फुटल्या किंवा त्यांचे गोळे झाले की शंका घ्यायची. आता बहुतेक ठिकाणी हे काम जांभळ्या बल्बमधल्या प्लाझ्मावर करतात, कारण मशीनला गुठळीचे धागे चालत नाहीत. पण जुने जाणकार अजून सीरमच मागतात, त्यालाही आधार आहे. ईडीटीए कॅल्शियम पकडून ठेवतं, त्यामुळे कॉम्प्लिमेंट नावाची प्रथिनांची फळी जागीच होत नाही आणि प्लाझ्मामध्ये पेशी फुटताना दिसत नाहीत. सीरममध्ये त्या फुटतात आणि द्रव लालसर होतो. तो लाल रंगच इशारा असतो.

ऑक्सफर्डची गोष्ट हिमोफिलियाची. तोपर्यंत हिमोफिलिया हा एकच आजार समजला जाई. रोझमेरी बिग्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांपुढे स्टीफन ख्रिसमस नावाचा मुलगा आला. त्याचं रक्त गोठत नव्हतं, पण निरोगी माणसाचं सीरम त्यात घातलं की गोठत होतं. नेहमीच्या हिमोफिलियात सीरमचा काही उपयोग होत नसे. कारण रक्त गोठवणाऱ्या घटकांना क्रमांक आहेत, त्यांतला आठवा गोठताना खर्ची पडतो आणि सीरममध्ये तो जवळपास राहतच नाही. नववा घटक मात्र गोठल्यानंतरही शिल्लक असतो. स्टीफनला नवव्याची उणीव होती. उलट तपासणीही करता येई: बेरियम सल्फेटने नववा घटक शोषून घेतलेला प्लाझ्मा नेहमीच्या हिमोफिलियाला पुरा पडे, स्टीफनसारख्यांना नाही. एक प्लाझ्मा, एक सीरम, दोन परीक्षानळ्या, आणि एका आजाराचे दोन झाले. तो लेख 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'च्या नाताळच्या अंकात आला आणि आजाराला त्या मुलाचंच नाव पडलं. फरकाचा प्रश्न जे परीक्षेत दोन मार्कांना विचारतात, त्यांनी ही हकीकत वर्गात जरूर सांगावी.

आज नाशिकच्या जिल्हा रुग्णालयात हिमोफिलियाच्या पेशंटांसाठी डे-केअर केंद्र आहे आणि तिथे हे घटक इंजेक्शनच्या रूपात देतात. जिथे ते मिळत नाहीत तिथे रक्तपेढीतला गोठवलेला प्लाझ्मा किंवा त्यातून काढलेलं क्रायोप्रेसिपिटेट कामाला येतं. क्रायोची युक्ती ज्युडिथ पूल यांना १९६० च्या दशकात सापडली. गोठवलेला प्लाझ्मा थंडीतच हळूहळू वितळू दिला की तळाशी जो गाळ बसतो, त्यात आठवा घटक आणि फायब्रिनोजेन एकवटलेलं असतं. रक्तदान केलेल्या पिशवीतला प्लाझ्मा काही तासांत वेगळा करून उणे ३० अंशांखाली ठेवला तर वर्षभर टिकतो. त्या वर्षभरात त्याच्या गोठण्याच्या शक्तीला धक्का लागत नाही, आणि पेशंटला हवी असते ती तीच शक्ती. सीरम भरलेली पिशवी रक्तस्राव थांबवायला देता येणार नाही, कारण तिच्यातला दारूगोळा आधीच उडून गेलेला असतो.

प्लाझ्मा देताना रक्तगटाचा हिशेब उलटा होतो. पेशींच्या बाबतीत ओ गट सर्वांना चालतो, प्लाझ्माच्या बाबतीत एबी गट. कारण प्लाझ्मामधून जातात ती प्रतिपिंडं, आणि एबी गटाच्या माणसाकडे ए-बीविरुद्धची प्रतिपिंडं नसतात. कोरोनाच्या काळात 'एबी दाते शोधा' असे जे निरोप फिरत होते, ते या कारणाने.

त्या प्लाझ्माचं पुढे काय झालं, हेही सांगायला हवं, कारण आपल्याकडे त्याची चर्चा अर्धवट राहिली. महाराष्ट्राने जून २०२० मध्ये 'प्लॅटिना' नावाचा मोठा प्रकल्प जाहीर केला. आयसीएमआरने त्याच वर्षी देशभरातल्या ३९ रुग्णालयांत ४६४ पेशंटांवर 'प्लॅसिड' चाचणी घेतली. ऑक्टोबरमध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले: प्लाझ्मा दिलेल्यांपैकी १९ टक्के पेशंटांचा आजार गंभीर झाला किंवा ते दगावले, न दिलेल्यांत १८ टक्के. फायदा दिसला नाही. तरीही दुसऱ्या लाटेत मे २०२१ च्या मध्यापर्यंत हा उपचार अधिकृत सूचनांत राहिला आणि लोक पिशव्यांसाठी धावत राहिले. १७ मे रोजी तो वगळला. उपचाराची कल्पना मुळात मूर्खपणाची नव्हती. बेरिंग आणि किटासाटो यांनी १८९० मध्ये घटसर्प आणि धनुर्वातावर हाच मार्ग दाखवला होता आणि १९०१ चं वैद्यकशास्त्राचं पहिलं नोबेल त्यासाठीच बेरिंगना मिळालं. पण बेरिंगचं सीरम मुद्दाम टोचून तयार केलेल्या जनावराचं होतं, त्याची ताकद मोजलेली असे. कोरोनाच्या चाचणीत दात्याच्या प्रतिपिंडांची नेमकी पातळी आधी मोजून प्लाझ्मा निवडणं शक्य झालं नाही. माझं मत विचाराल तर २०२० च्या ऑक्टोबरनंतर कुटुंबांना प्लाझ्मासाठी पळवणं थांबायला हवं होतं.

जनावरांच्या सीरमचा विषय निघाला की महाराष्ट्राला हाफकिन संस्थेकडे वळावंच लागतं. १८९६ च्या मुंबईतल्या प्लेगमधून ती जन्मली, १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली आणि १९२५ मध्ये तिला संस्थापकाचं नाव मिळालं. पुढे १९७५ मध्ये उत्पादनाचं काम हाफकिन जीव-औषध महामंडळाकडे गेलं. सर्पदंशावरचं औषध आजही घोड्यांपासून बनतं. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चार सापांचं विष घोड्यांना अगदी अल्प मात्रेपासून वाढवत टोचतात. विष येतं ते बहुतांशी तमिळनाडूतल्या इरुळ सापवाल्यांच्या सहकारी संस्थेतून. प्रतिपिंडं पुरेशी झाली की घोड्याचं रक्त गोठू न देता घेतात, प्लाझ्मा ठेवतात आणि पेशी घोड्याला परत देतात. मग पेप्सिनने प्रतिपिंडाचा नको असलेला भाग तोडून उरलेला शुद्ध करतात आणि वाळवून पावडर करतात. म्हणजे बाटलीवर 'अँटिसीरम' असं लिहिलेलं हे औषध बनतं प्लाझ्मापासून! नाव जुन्या पद्धतीचं राहिलं, कारखान्याची रीत बदलली.

इगतपुरी-त्र्यंबकच्या बाजूला भातलावणीच्या दिवसांत ही बाटली आरोग्य केंद्रात आहे की नाही, यावर माणसाचं जगणं अवलंबून असतं. लहान मुलाला आणि मोठ्या माणसाला डोस सारखाच असतो, कारण सापाने सोडलेलं विष वय बघून कमी-जास्त होत नाही. घोड्याचं प्रथिन असल्याने ॲलर्जी होऊ शकते, आणि आठवड्या-पंधरवड्याने ताप, पुरळ, सांधेदुखी असा 'सीरम सिकनेस'ही. पिर्के आणि शिक यांनी तो १९०५ मध्ये वर्णन केला. ही माहिती घरच्यांना दवाखान्यातून सोडतानाच द्यायला हवी. बऱ्याचदा दिली जात नाही.

पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची नाळही घोड्यांशीच जोडलेली. पूनावाला कुटुंबाच्या स्टड फार्मवरचे म्हातारे घोडे सीरम काढण्यासाठी हाफकिनला दिले जात. मग हे काम आपणच का करू नये, असा विचार करून सायरस पूनावालांनी १९६६ मध्ये कंपनी काढली आणि धनुर्वाताच्या अँटिटॉक्सिनपासून सुरुवात केली. पुढे ओळख लशींची झाली, नावात सीरम राहिलं. चेहऱ्याला आणि केसांना लावायच्या बाटल्यांवर हल्ली जे 'सीरम' छापतात, त्याचा रक्ताशी काडीचाही संबंध नाही. लेखिकेने त्यावर दोन पानं खर्च केली आहेत, एक ओळ पुरली असती.

डेंग्यूचं प्रकरण मात्र मला अपुरं वाटलं. पावसाळा सरता सरता नाशिकमध्ये घरोघर प्लेटलेटचे आकडे पाठ होतात. पण डेंग्यूत जीव जातो तो बहुधा प्लाझ्मा केशवाहिन्यांतून बाहेर झिरपल्यामुळे. ताप उतरतो, घरचे निर्धास्त होतात आणि नेमक्या त्याच एक-दोन दिवसांत रक्त घट्ट होऊ लागतं, रक्तदाब घसरतो. हिमॅटोक्रिटचा, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशींच्या प्रमाणाचा, चढता आकडा हे सांगत असतो, पण सगळ्यांचे डोळे प्लेटलेटच्या रकान्यावर खिळलेले. पुढच्या आवृत्तीत लेखिकेने या विषयाला पूर्ण प्रकरण द्यावं, अशी माझी सूचना आहे.

एका ठिकाणी माझा मतभेदही नोंदवतो. पुस्तकाचा कल सीरमकडे आहे. नेहमीच्या तपासण्यांसाठी तो ठीक. पण छातीत कळ येऊन आलेल्या पेशंटचं रक्त अर्धा तास गोठायची वाट बघत ठेवणं परवडत नाही. शिवाय हेपरिन चालू असलेल्या पेशंटचं रक्त बल्बमध्ये नीट गोठत नाही, उशिरा धागे सुटतात आणि मशीनची सुई तुंबते. तातडीच्या विभागात हेपरिनचा प्लाझ्माच बरा. अट एकच: एका पेशंटची तपासणी एकदा सीरमवर आणि एकदा प्लाझ्मावर करून आकड्यांची तुलना करू नये.

ज्यांच्यासाठी हे पुस्तक लिहिलं आहे त्या लॅब टेक्निशियन, परिचारिका आणि विद्यार्थी यांना ते उपयोगी पडेलच. पण रक्त देऊन रिपोर्टची वाट बघणाऱ्या सामान्य वाचकालाही माझी विनंती आहे. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर सुई टोचण्याआधी सांगा. रिपोर्ट हातात आला की नमुना सीरमचा की प्लाझ्माचा हे छापलं आहे का ते बघा, नसेल तर विचारा. तो तुमचा हक्क आहे. पोटॅशियम एकाएकी वाढलेलं दिसलं तर दुर्लक्ष करू नका, कारण ते खरं असेल तर धोका मोठा असतो. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा, ईसीजी काढून घ्या आणि हिरव्या बल्बमध्ये नमुना पुन्हा द्यायचा का, हे त्यांना विचारा.